वाचनालय विकण्याची कारणे आणि कारणांचे आभास

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘वाचनसंस्कृतीचे भवितव्य’ असा छापला आहे. संयोजकांच्या परवानगीने तो आम्ही जरा बदलून घेतला. भवितव्यावर तासभर बोलणे फार सोपे असते, कारण ते खोटे ठरले तरी श्रोते तोवर घरी गेलेले असतात. म्हणून आज एका शाखेबद्दल बोलायचे आहे. आपल्या नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये एका सार्वजनिक वाचनालयाची शाखा आहे. तिची जागा विकासकाला द्यावी, असा प्रस्ताव त्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे येतो आहे. आम्ही त्या संस्थेचे सभासद आहोत आणि प्रस्तावाला आमचा विरोध आहे, हे आधीच सांगून टाकतो.

संस्थेचे नाव घेणार नाही. एक तर कार्यकारिणीतली माणसं वाईट नाहीत. आमच्यासारखीच निवृत्त, प्रसंगी पदरमोड करणारी आहेत. दुसरे म्हणजे आज या संस्थेत जे टिपण वाटले गेले, तेच टिपण नाव बदलून उद्या दुसऱ्या संस्थेत वाटले जाईल. दोन पानांचे टिपण आहे. एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी आज त्या दोन पानांची करू.

टिपणात चार कारणे दिली आहेत. एक, वाचक घटले. दोन, शाखेचा खर्च भागत नाही. जागा देऊन निधी उभारला तर मुख्य वाचनालय सक्षम होईल. तीन, पुस्तके आता मोबाइलवर मिळतात. चार, नव्या इमारतीत वाचनालयाला अधिक सोयीची जागा मिळणारच आहे. वाचताना चारही पटतात. आम्हालाही पहिल्या वाचनात पटली, खोटं कशाला बोला.

पण आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे छोटेखानी पुस्तक वर्गात किती वेळा लावले त्याची गणती नाही. त्यात हेत्वाभास नावाचे प्रकरण येते. हेत्वाभास म्हणजे कारणासारखे दिसणारे, पण कारण नसलेले विधान. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित. गंमत अशी, की त्यातले चार या टिपणात सापडतात. पाचवा आमच्याच पदरात आहे. तो शेवटी सांगू.

पहिले कारण, वाचक घटले. हा सव्यभिचार. म्हणजे हेतू एका जागी ठरत नाही, भटकतो. पर्वतावर अग्नी आहे, का, तर पर्वत ज्ञेय आहे. अहो, ज्ञेय तर तलावही आहे, तिथे कुठे अग्नी आहे? तसेच हे. वापर कमी म्हणून जागा विकावी, हा नियम धरला तर अग्निशमन केंद्र सर्वांत आधी विकावे लागेल. वर्षातले बहुतेक दिवस तिथे बंब नुसता उभा असतो. ते विकू असे कोणी म्हणत नाही, कारण त्याचा उपयोग रोजच्या गर्दीवर मोजायचा नसतो हे आपल्याला कळते.

आणि वाचक घटले म्हणजे कोण घटले? टिपणातला आकडा वर्गणीदार सभासदांचा आहे, पुस्तक घरी नेणाऱ्यांचा. सकाळी वृत्तपत्र विभागात येऊन बसणारे त्यात नाहीत. तो विभाग मोफत, तिथे नाव नोंदवावे लागत नाही. अभ्यासिकेतली मुलंमुली त्यात नाहीत. ती स्वतःची पुस्तके घेऊन येतात, त्यांना लागते ती खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींतली किंवा सिडकोची लहान घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका खोलीत चार-पाच माणसं, टीव्ही चालू, आणि कोपऱ्यात एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिच्यासाठी वाचनालयाची शाखा म्हणजे घराची दुसरी खोली आहे. ती खोली तिच्या घराला परवडत नाही, म्हणून गावाने बांधायची असते. ही मुलगी आपल्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शिवाय शाखेची वेळ आपणच कमी केली. कर्मचारी परवडत नाही म्हणून दुपारी बंद, मग संध्याकाळी दोन-अडीच तास. दार बंद ठेवायचे आणि आत कोणी येत नाही म्हणायचे, याला काय म्हणावे?

दुसरे कारण पैशाचे. तेवढे खरोखर गंभीर आहे, म्हणून जरा मागे जाऊन समजून घेऊ. आपल्या राज्यात ‘सार्वजनिक ग्रंथालय’ म्हणून जे असते ते बहुतेक ठिकाणी सरकारचेही नसते आणि नगरपालिकेचेही नसते. ती नोंदणीकृत संस्था असते, सभासदांची, शासनाच्या अनुदानावर चालणारी. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर मद्रास प्रांताने 1948 मध्ये कायदा केला, त्यामागे रंगनाथन होते. त्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर बसवला. कर्नाटकात आणि केरळातही असा उपकर आहे. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात उपकराची तरतूद नाही. परिणाम काय? तिकडे घरपट्टी भरणारा प्रत्येक माणूस ग्रंथालयाचा आश्रयदाता असतो. आपल्याकडे ग्रंथालय अनुदानाची वाट पाहत बसते. अनुदानात 2022 मध्ये 60 टक्के वाढ जाहीर झाली, त्याचे स्वागतच आहे. पण अशी वाढ वर्षानुवर्षांनी होते, आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. ग्रंथपालाच्या हाती जे मानधन पडते ते सांगायची आम्हाला लाज वाटते.

तेव्हा कार्यकारिणीची चणचण खोटी नाही. पण त्या चणचणीतून काढलेला निष्कर्ष पाहा. वाचनालय टिकावे म्हणून वाचनालय विकावे! हा विरुद्ध हेत्वाभास. जे सिद्ध करायचे त्याच्या उलटच हेतू सिद्ध करतो. तूट दरवर्षीची आहे आणि विक्रीचा पैसा एकदाच येणार आहे. आज तो ठेवीत टाकाल, व्याजाने काही वर्षे भागेल, महागाई त्याला कुरतडत राहील. मग पुन्हा तूट. तेव्हा काय विकाल? मुख्य वाचनालय? उलट, जागेचे एक वैशिष्ट्य असते. अनुदान आटले, सभासद घटले, कार्यकारिणी भांडली, तरी जागा असेल तर संस्था पुन्हा उभी राहू शकते. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चे. प्लेग आला, दोन महायुद्धे झाली, या संस्था राहिल्या. आणि याच मुंबईत ग्रंथसंग्रहालयाच्या वस्तीवस्तीतल्या कितीतरी शाखा गेल्या काही दशकांत बंद झाल्या, हेही आपण पाहिले. संस्थेचे नाव टिकते, पण त्या वस्तीचे वाचनालय गेलेले असते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. 2012 च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना शासनमान्यता देणे बरीच वर्षे थांबले होते. म्हणजे बंद करायला एक ठराव पुरतो आणि पुन्हा सुरू करायला एक पिढी लागू शकते.

तिसरे कारण, सगळे मोबाइलवर मिळते. हा असिद्ध. आकाशातले कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, असे म्हटल्यासारखे. आधी ते कमळ दाखवा! मराठीतले काय मिळते मोबाइलवर? मराठी विश्वकोश मिळतो, साहित्य संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तके मिळतात, फुकट मिळतात, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असायला हवे. पण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंकांचा जो डोंगर साचला आहे, त्यातला किती मोबाइलवर आहे? लहान गावांतल्या प्रकाशकांनी काढलेल्या कादंबऱ्या, आत्मचरित्रे, जिल्ह्यांचे इतिहास, ज्यांची दुसरी आवृत्ती निघालीच नाही? ही पुस्तके आज अशाच शाखांच्या कपाटांत आहेत. शाखा बंद झाली की ती ‘मुख्य वाचनालयात हलवली’ जातात, म्हणजे गोण्यांत भरून माळ्यावर जातात. पुढे रद्दीचा भाव बरा आला की तीही जातात.

बरं, समजा उद्या सगळे मोबाइलवर आले. तरी त्या मुलीला खुर्ची कोण देणार?

चौथे कारण सर्वांत गोड आहे. नव्या इमारतीत अधिक चांगली जागा मिळेल. हा बाधित. अग्नी थंड आहे असे कितीही युक्तीने सिद्ध करा, बोट लावले की कळते. इथे बोट लावून पाहिलेल्या दुसऱ्या शहराचा अनुभव सांगतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची डॉनेल नावाची शाखा होती, मॅनहॅटनमध्ये 53 व्या रस्त्यावर. 2007 मध्ये ती एका हॉटेल कंपनीला 5 कोटी 90 लाख डॉलरला देण्याचे ठरले. त्या जागी उंच इमारत होईल आणि तिच्यात ग्रंथालयाला नवी जागा मिळेल, असा करार. 2008 मध्ये शाखा बंद झाली. मग मंदी आली, काम रखडले, मालक बदलला. नवी जागा उघडली 2016 मध्ये. म्हणजे आठ वर्षे तिथे ग्रंथालय नव्हते. त्या काळात पहिलीत गेलेले मूल आठवी संपवून बाहेर पडले. जुनी शाखा 97 हजार चौरस फुटांची होती, नवी 28 हजारांची, आणि तिचा बराच भाग जमिनीखाली, वर आलिशान हॉटेल.

आता त्याच संस्थेचे दुसरे उदाहरण. तिथेच जवळ मिड-मॅनहॅटन नावाची मोठी शाखा होती, तीही विकायची योजना होती. लोकांनी, लेखकांनी, अभ्यासकांनी विरोध केला. 2014 मध्ये योजना मागे घेतली गेली. त्याच इमारतीची नीट दुरुस्ती केली आणि 2021 मध्ये ती नव्या रूपात उघडली. तेच शहर, तीच संस्था, तशीच पैशाची ओढाताण. एकीकडे विक्री, दुसरीकडे दुरुस्ती. दुसरा पर्याय नव्हताच, असे कोणी म्हणाले तर ही दोन पत्ते समोर ठेवावेत.

आणि इतक्या लांब जायला नको. ‘हीच सोय दुसरीकडे करू’ हे वाक्य नवी मुंबईने ऐकलेले आहे. घणसोलीत शासकीय क्रीडा संकुलासाठी 2003 मध्ये 20 एकर जागा ठरली. 2016 मध्ये त्यातला काही भाग इमारतींसाठी खासगी विकासकाकडे गेला. 2021 मध्ये संकुलच रायगड जिल्ह्यात माणगावला हलवायचे ठरले. घणसोलीच्या मुलाने खेळायला रोज माणगावला जायचे! वास्तुविशारदांची संघटना न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. मैदानाच्या बाबतीत जे आपल्याला कळले, ते वाचनालयाच्या बाबतीत का कळू नये?

इथवर टिपणात काय आहे ते पाहिले. आता टिपणात काय नाही ते पाहू, कारण आमच्या मते खरा दोष तिथे आहे. टिपणात ‘संस्थेची मालमत्ता’ हा शब्द वारंवार येतो. ती जमीन संस्थेची कशी झाली, हे एकदाही येत नाही.

आपण जिथे बसलो आहोत ती जमीन कुणाची होती? 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि 95 गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. आगरी-कोळी-कराडी माणसांची भातशेती, मिठागरे. ती ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांवर घेतली. जानेवारी 1984 मध्ये त्याच जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. विकसित भूखंडाची साडेबारा टक्क्यांची योजना त्या रक्तातून आली आहे.

हे शहर जमीन विकूनच उभे राहिले, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. सिडकोचे सगळे अर्थकारण त्यावरच होते. पण त्या अर्थकारणात एक न्याय होता. व्यापारी भूखंड चढ्या भावाने द्यायचे आणि शाळा, दवाखाना, वाचनालय, समाजमंदिर यांना सवलतीच्या दराने भाडेपट्ट्यावर द्यायचे. म्हणजे आपल्या शाखेला जी सवलत मिळाली, तिचे पैसे कोणीतरी भरले आहेत. थोडे दुकानदाराने, थोडे फ्लॅट घेणाऱ्याने आणि सर्वांत जास्त ज्याची शेती गेली त्याने. ती सवलत वाचनालयाला होती, संस्थेला नव्हती. आज तीच जागा बाजारभावाने विकासकाला द्यायची, म्हणजे दुसऱ्यांनी वाचनालयासाठी भरलेले पैसे आपण वटवायचे. शेतकऱ्याला सांगितले होते की इथे सार्वजनिक काम होईल. आता त्याच्या नातवाला काय सांगायचे, की इथे तीन खोल्यांचे फ्लॅट होतील, बुकिंग सुरू आहे?

कायद्यालाही हे कळते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला स्थावर मालमत्ता आपल्या मर्जीने विकता येत नाही. 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या 36 व्या कलमानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तरी लागते. परवानगी देताना न्यासाचे हित, लाभ आणि संरक्षण पाहायचे असते. आता खरा प्रश्न येतो, न्यासाचे हित म्हणजे काय? बँकेतली शिल्लक वाढणे हे न्यासाचे हित असेल, तर न्यास आणि दुकान यांत फरक उरत नाही. न्यासाचे हित म्हणजे तो ज्यांच्यासाठी स्थापन झाला त्यांचे हित.

आणि ते कोण? सभेत मत कुणाला आहे, तर वर्गणीदारांना. त्यातले पुष्कळ आमच्यासारखे, घरी पुस्तकांची कपाटे असलेले. वृत्तपत्र विभागात बसणाऱ्या सुरक्षारक्षकाला मत नाही, अभ्यासिकेतल्या मुलीला मत नाही. ज्यांना शाखेची गरज सर्वांत कमी, त्यांनी हात वर करून ती विकायची आणि ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनी दारावरची नोटीस वाचायची. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. आज ऐरोलीतल्या त्यांच्या स्मारकात महापालिकेने चांगले ग्रंथालय उभारले आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण ज्या माणसाने पुस्तकांच्या बळावर एवढा लढा दिला, त्याच्या नावाचे एक भव्य ग्रंथालय असले म्हणजे बाकीच्या नोडमधल्या लहान शाखांची गरज संपली, असा अर्थ त्यातून काढू नये. मोठे ग्रंथालय बघायला माणूस बसने जातो. रोजची शाखा चालत जाण्याच्या अंतरावरच लागते, नाहीतर शाळकरी मूल आणि म्हातारा माणूस, दोघेही गळतात.

आता आमचा हेत्वाभास. सत्प्रतिपक्ष म्हणजे तुमच्या हेतूच्या तोडीस तोड उलटा हेतू समोर उभा असणे. सभेत कोणीतरी उठून म्हणेल, सर, तुम्ही विरोध करता, पण गेल्या वर्षी शाखेत किती वेळा आलात? छप्पर गळत होते तेव्हा कुठे होता? याला आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही वर्गणी वेळेवर भरली, वार्षिक सभेत चहा घेतला, हिशेबाला मंजुरी दिली आणि शाखेत फिरकलो नाही. वेळ कमी केली तेव्हाही हात वर केला होता. विकण्याचा प्रस्ताव अचानक आलेला नाही. आमच्यासारख्यांच्या गैरहजेरीत तो हळूहळू तयार झाला. तेव्हा नुसता ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. ‘नाही’ म्हणायचे तर पुढचे काम अंगावर घ्यावे लागेल.

म्हणून सभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, वर्षभर शाखेत येणाऱ्या प्रत्येक माणसाची मोजणी करा, नुसत्या सभासदांची नको, आणि तोवर प्रस्ताव स्थगित ठेवा. दुसरी, त्या वर्षात शाखा सकाळी आठ ते रात्री आठ उघडी राहील. निवृत्तांनी पाळ्या लावून घ्याव्यात. सोमवार आणि गुरुवार आमचे, हे आजच लिहून देतो. तिसरी, महापालिकेकडे सर्व वाचनालयांनी मिळून एक मागणी न्यावी, की आपल्या मालमत्ता करातला ठरावीक वाटा वस्तीतल्या वाचनालयांना द्या. राज्याच्या कायद्यात उपकर नाही म्हणून शहराने काही करूच नये, असे थोडेच आहे?

आणि एवढे करूनही बहुमत विक्रीच्या बाजूने गेले, तर धर्मादाय आयुक्तांपुढे आम्ही हरकत नोंदवू. त्या हरकतीवर सभासदांच्या सह्या असतीलच. पण सभासद नसलेल्यांच्याही हव्यात, म्हणून वृत्तपत्र विभागात आणि अभ्यासिकेत एक वही ठेवणार आहोत. त्या मुलीची सही आम्हाला पहिली हवी आहे.

सभा कधी आहे ते फलकावर लागेल. आपल्यापैकी जे सभासद आहेत त्यांनी यावे. जे नाहीत त्यांनी उद्या शाखेत जाऊन अर्धा तास नुसते बसून यावे आणि येताना मोजणीच्या वहीत नाव लिहून यावे.